मीठ सोडलं, सॉस राहिला

"डॉक्टर, मीठ मी कधीच सोडलंय. लोणचं नाही, पापड नाही." ओपीडीत समोर बसलेले गृहस्थ अगदी मनापासून बोलत होते. वय पंचावन्न, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आणि तरीही आकडा १७०/१००. मी तिसरी गोळी लिहायला घेतली, तेवढ्यात त्यांच्या पत्नीने घरच्या रविवारबद्दल सांगितलं. मुलगा मोबाइलवर बघून घरीच चायनीज करतो. बड्याचं मटण, भोपळी मिरची, गाजर, पातीचा कांदा, सगळं मोठ्या आचेवर दहा मिनिटांत परतून. "भाज्या भरपूर असतात, आणि अजिनोमोटो अजिबात नाही," असं त्या अभिमानाने म्हणाल्या.

सोया सॉस किती, असं मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाटली लवकर संपत होती. रविवारची चव जिभेवर बसल्यामुळे आता बिनमिठाच्या आमटीतही सॉसची धार जात होती.

सोया सॉसच्या १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे जवळजवळ सव्वादोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. दोन चमचे सॉस पोटात गेला की दिवसाचा कोटा जवळपास संपला. भाकरी, आमटी, भाजी अजून बाकीच. वर ऑयस्टर सॉस, चिली सॉस आणि सवयीने टाकलेली चिमूट. 'कमी मिठाचा' असं लिहिलेला सॉसही बिनमिठाचा नसतो. बाटलीवर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मिठाचं वजन कळतं. चष्मा लावून एकदा हे गणित कराच.

आणि आपण घाबरतो कशाला, तर अजिनोमोटोला! जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेटची चव वेगळी काढली. टोमॅटोतही ते निसर्गतःच असतं. १९६८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवल्यावर मान बधिर होते, छातीत धडधडतं, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी कारणं म्हणून अनेक शक्यता मांडल्या होत्या आणि त्यांत जास्तीचं सोडियमही होतं. जगाने त्यातलं एकच नाव उचललं. पुढे कोणाला काय दिलंय हे लपवून केलेल्या चाचण्यांत, जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात हा त्रास खात्रीने दाखवता आला नाही. अजिनोमोटोत सोडियम आहेच, पण मिठाच्या साधारण एक तृतीयांश. तो वापरा असा माझा आग्रह नाही, पण तो टाळला म्हणून सॉसला मोकळीक मिळत नाही.

मांसाबद्दलही असंच एकतर्फी बोललं जातं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथे या पदार्थासाठी मिळतं ते म्हशी-रेड्याचं मांस. त्यात चरबी कमी आणि लोह चांगलं, शिवाय हे लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा बरंच जास्त अंगी लागतं. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. त्यामुळे मांस खाणाऱ्या घरात आईच्या ताटात चार तुकडे पडले तर मला आनंदच आहे. दुसरी बाजूही खरी आहे. लाल मांसाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नको, असा सल्ला दिला जातो. इथे परतण्याची चिनी पद्धत उपयोगी पडते. चौघांत ३०० ग्रॅम कच्चं मांस आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट भाजी घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला शिजलेलं जेमतेम ५० ग्रॅम येतं आणि ताट तरी भरलेलं दिसतं.

बाई जाता जाता म्हणाल्या, "तो करायला लागला की आम्ही सगळे खोकत गॅलरीत." हे मला सॉसइतकंच खटकलं. हॉटेलच्या भट्टीची आच घरच्या शेगडीला नसते, म्हणून मुलं तेल धूर येईपर्यंत तापवतात. शांघायमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात, फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या बहुतेक स्त्रियांनी कधी सिगारेट ओढलेली नव्हती, आणि कढईतल्या तेलाच्या धुराशी या आजाराचा संबंध दिसला. याच संस्थेने पुढे फार उच्च तापमानावर तळण्या-परतण्याच्या धुरालाही त्याच 'बहुधा' गटात ठेवलं. दारं-खिडक्या बंद असलेल्या स्वयंपाकघरात तो धूर घेतं कोण, हे सांगायला नको.

मी स्वतः हा पदार्थ करते, म्हणून थोडं अधिकाराने सांगते. मांस तासभर फ्रीजरमध्ये ठेवून घट्ट झालं की धाग्याला आडवं, पातळ कापावं. म्हशीचं मांस चिवट असतं, त्यासाठी अनेक जण खायचा सोडा चोळतात. पण सोडा म्हणजे पुन्हा सोडियम. आपली कच्ची पपई आहे की! छोटा चमचाभर कीस, वीस मिनिटं, त्याहून जास्त ठेवलं तर लगदा होतो. मग चमचाभर कॉर्नफ्लोअर. खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन चालू, लोखंडी कढई, आणि धूर दिसण्याआधीच मांस तेलात. सगळं एकदम न टाकता दोन घाण्यांत परतावं. नाहीतर पाणी सुटतं आणि मांस उकडतं. भाज्या कोरड्या हव्यात. आलं, लसूण, मिरपूड, थोडं व्हिनेगर सढळ हाताने. चौघांना मिळून सॉस एकच मोठा चमचा, तोही गॅस बंद करताना, म्हणजे चव वरवर राहते आणि कमीत भागते. मीठ घालायचंच नाही.

त्या गृहस्थांना तिसरी गोळी दिलीच; १७० वर थांबून चालत नाही. सहा आठवड्यांनी आले तेव्हा रक्तदाब १३८/८६ होता. सॉसची बाटली आता कपाटात असते, असं ते म्हणाले. घट गोळीमुळे किती आणि बाटली कपाटात गेल्यामुळे किती, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगायच्या भानगडीत पडले नाही. मुलाने मात्र निरोप पाठवला होता, पपईने मांस मऊ होतं, पण वीस मिनिटं जरा जास्तच होतात.