हमीची रक्कम

अमेरिकेत ज्या खेळाला नुसते ‘फुटबॉल’ म्हणतात, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. दोन्ही टोकांना निमुळता असलेला लांबट चेंडू हाताने फेकत किंवा काखेत धरून पळत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यावयाचा असतो. प्रत्येक चालीच्या आरंभी अकरा जणांपैकी ज्याच्या हाती चेंडू येतो, तो क्वार्टरबॅक. समोरून तीन-साडेतीन मण वजनाचे गडी अंगावर चालून येत असताना चेंडू कोणाकडे फेकावयाचा, याचा निर्णय त्याने दोन-तीन सेकंदांत करावयाचा. संघातील सर्वांत मोठे मानधन बहुधा त्याचेच असते आणि पराभवानंतरची दूषणेही प्रथम त्याच्याच वाट्याला येतात.

या व्यवसायातील करारांचे एक वैशिष्ट्य बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. वर्तमानपत्रांत छापून येणारा आकडा आणि खेळाडूच्या हाती प्रत्यक्ष पडणारी रक्कम यांत पुष्कळ अंतर असते. करार पाच वर्षांचा असला, तरी दोन वर्षांनी संघ खेळाडूला मोकळे करू शकतो आणि हमी नसलेल्या उर्वरित वर्षांचे वेतन तेथेच संपते. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये करारांना सामान्यतः पूर्ण हमी असते. हाडे मोडणाऱ्या या खेळात मात्र ती अपवादानेच मिळते. म्हणून जाणकार मंडळी कराराचा एकूण आकडा बाजूला ठेवून त्यातील हमीची रक्कम किती, एवढेच पाहतात. ही गोष्ट ज्याने पुरती ओळखली आणि तिच्यावर आपली सारी कारकीर्द उभारली, तो खेळाडू म्हणजे कर्क कझिन्स.

१९८८ मध्ये जन्मलेला कझिन्स मिशिगन राज्यातील हॉलंड या गावी वाढला. शालेय वयात त्याच्याविषयी मोठ्या विद्यापीठांना फारशी उत्सुकता नव्हती. मिशिगन स्टेट विद्यापीठाने त्याला घेतले तेही उशिरा. पहिले वर्ष राखीव म्हणून, दुसरे बहुतांशी बाकावर, असे काढल्यावर २००९ पासून तीन हंगाम तो तेथील मुख्य क्वार्टरबॅक होता आणि तिन्ही वर्षे कर्णधार होता. त्या काळी विद्यापीठीय खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलरही स्वीकारता येत नसे. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने २७ सामने जिंकले.

व्यावसायिक संघ दरवर्षी नवोदितांची निवड क्रमाक्रमाने करतात. २०१२ च्या निवडीत वॉशिंग्टनच्या संघाने रॉबर्ट ग्रिफिन या तेजस्वी क्वार्टरबॅकसाठी आपल्या भावी वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दुसऱ्या संघाला देऊन दुसरा क्रमांक मिळवला. ग्रिफिनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी ११ लाख डॉलर मिळाले. त्याच संघाने चौथ्या फेरीत १०२ व्या क्रमांकावर आणखी एक क्वार्टरबॅक घेतला, तो कझिन्स. त्याची किंमत चार वर्षांचे सुमारे २५ लाख ७० हजार डॉलर. एवढी मोठी रक्कम एका मालात गुंतवल्यावर त्याच जातीचा दुसरा माल कोठारात कशाला, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला.

उत्तर डिसेंबरमध्येच मिळाले. बाल्टिमोरविरुद्ध ग्रिफिनचा गुडघा दुखावला, कझिन्स आयत्या वेळी उतरला आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना त्याने बरोबरी साधून दिली. वॉशिंग्टनने तो सामना जादा वेळात जिंकला. पुढच्या आठवड्यात क्लीव्हलँडविरुद्धही तोच खेळला आणि जिंकला. परंतु एवढ्याने जागा मिळत नसते. २०१४ मध्ये ग्रिफिन पुन्हा जायबंदी झाल्यावर कझिन्सला सलग संधी मिळाली, तेव्हा त्याचे चेंडू वारंवार प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू लागले. अखेर एका सामन्याच्या मध्यंतरातच त्याला बाहेर बसवण्यात आले. कराराचे एकच वर्ष उरले होते.

त्या शेवटच्या वर्षी, २०१५ मध्ये, हंगामाच्या तोंडावर संघाने ग्रिफिनऐवजी कझिन्सला मुख्य स्थान दिले. त्याने ४,१६६ यार्ड चेंडू फेकला, त्याच्या दर शंभर फेकींपैकी जवळजवळ सत्तर सहकाऱ्यांनी झेलल्या आणि संघ आपल्या गटात पहिला आला. आता नवा करार करणे भाग होते आणि खरा डाव येथून सुरू झाला.

या संघटनेच्या नियमांत ‘फ्रँचाइज टॅग’ नावाची तरतूद आहे. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ एक वर्ष अडवून ठेवू शकतो. मात्र त्यासाठी त्याच्या स्थानावरील सर्वांत महाग खेळाडूंच्या सरासरीइतके वेतन, तेही पूर्ण हमीने, द्यावे लागते. दुसऱ्या वर्षी पुन्हा अडवल्यास आधीच्या वेतनाच्या १२० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १४४ टक्के. बहुतेक खेळाडूंना ही तरतूद जाचक वाटते, कारण दीर्घ कराराची निश्चिती तिच्यात नसते. कझिन्सने ती आनंदाने पत्करली. २०१६ मध्ये त्याला १ कोटी ९९ लाख ५० हजार डॉलर मिळाले आणि २०१७ मध्ये २ कोटी ३९ लाख ४० हजार. लागोपाठ दोन वर्षे असा अडवला गेलेला तो पहिलाच क्वार्टरबॅक होता.

२०१७ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या अध्यक्षांनी निवेदन काढून सांगितले की, कझिन्सला ५ कोटी ३० लाख डॉलरांची पूर्ण हमी देऊ केली होती, क्वार्टरबॅकच्या इतिहासातील सर्वांत मोठी. दुखापत झाल्यास ही हमी ७ कोटी २० लाखांची होती. तरी त्याने ती नाकारली. सामान्य चाहत्याला हा लोभ वाटला. वहीवर आकडे मांडले तर चित्र वेगळे दिसते. त्या वर्षीचे २ कोटी ३९ लाख त्याच्या पदरात पडलेच होते. संघाने पुढच्या वर्षी पुन्हा अडवले असते, तर १४४ टक्क्यांप्रमाणे आणखी सुमारे ३ कोटी ४५ लाख द्यावे लागले असते. दोन वर्षांची बेरीज ५ कोटी ८४ लाख होते. म्हणजे ‘इतिहासातील सर्वांत मोठी हमी’ ही प्रत्यक्षात दोन वर्षांच्या नियमसिद्ध वेतनाहूनही कमी होती, आणि तिच्या बदल्यात कझिन्सने अनेक वर्षे बांधून घ्यावयाचे होते. अर्थात, या नकारात जोखीम होती. एका वाईट पडण्याने गुडघा गेला असता, तर पुढच्या वर्षी दारात कोणी उभे राहिले नसते.

याच काळात तो आजीकडून पाच हजार डॉलरांना विकत घेतलेली, पोचे आलेली जुनी व्हॅन चालवीत असे आणि सुट्टीतील काही दिवस आई-वडिलांच्या घरी राहत असे, ही बातमी अमेरिकेत कौतुकाचा विषय झाली होती. कौतुकापेक्षा तिचा उपयोग अधिक महत्त्वाचा होता. घरखर्च मोजका असलेला माणूसच समोरच्या कोट्यवधींना शांतपणे नाही म्हणू शकतो. हप्त्यांच्या ओझ्याखाली दबलेल्याला सौद्याच्या बैठकीत थांबण्याची ऐपत नसते.

मार्च २०१८ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जने त्याच्याशी तीन वर्षांचा ८ कोटी ४० लाख डॉलरांचा करार केला. त्यातील प्रत्येक डॉलरला हमी होती. एवढ्या मोठ्या बहुवार्षिक कराराला पूर्ण हमी मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. संघमालक अशा हमीला कचरतात, याचे एक कारण आपल्या वाचकांना चटकन उमजेल. पुढील वर्षांच्या हमीच्या रकमेचा मोठा भाग त्यांना आधीच तिऱ्हाइताकडे अनामत म्हणून बाजूला ठेवावा लागतो. भांडवल अडकून पडते.

मैदानावरचा हिशेब मात्र एवढा स्वच्छ नाही. मिनेसोटात कझिन्सने सहा हंगाम सातत्याने उत्तम आकडे नोंदवले. डिसेंबर २०२२ मध्ये इंडियानापोलिसविरुद्ध मध्यंतराला ०-३३ असा मागे असलेला संघ त्याने ३९-३६ असा विजयी केला. या संघटनेच्या इतिहासात एवढी पिछाडी कोणी भरून काढलेली नाही. तथापि बाद फेरीत त्या सहा वर्षांत विजय एकच, जानेवारी २०२० मधला. सुपर बोल त्याने खेळाडू म्हणून पाहिलाच नाही. प्रत्येक संघाला एकूण वेतनावर मर्यादा असते. २०१८ मध्ये ती १७ कोटी ७२ लाख डॉलर होती. एकट्या कझिन्सच्या वाट्याला दरवर्षी सरासरी २ कोटी ८० लाख जात असल्यावर इतरांसाठी उरणारी थैली हलकी होणारच, हा टीकाकारांचा आक्षेप खोडून काढता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन बे येथे त्याच्या उजव्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला. वय ३५. तरीही मार्च २०२४ मध्ये अटलांटा फाल्कन्सने चार वर्षांचा १८ कोटींचा करार दिला, त्यात १० कोटींची हमी. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, एप्रिलच्या निवडीत, त्याच संघाने आठव्या क्रमांकावर मायकेल पेनिक्स हा तरुण क्वार्टरबॅक घेतला. बारा वर्षांपूर्वी ग्रिफिनला जे वाटले असेल, ते आता कझिन्सच्या वाट्याला आले. ऑक्टोबरमध्ये त्याने टँपा बेविरुद्ध ५०९ यार्ड फेकून सामना जिंकून दिला. पुढे खेळ घसरला आणि १७ डिसेंबरला त्याला बाकावर बसवून जागा पेनिक्सला देण्यात आली. करारात वेतनाची हमी होती, जागेची नव्हती. मार्च २०२५ मध्ये आणखी १ कोटी डॉलरांची हमी लागू होण्याची तारीख उलटून गेली, तरी संघाने त्याला मोकळे केले नाही आणि तो राखीव म्हणून राहिला. एव्हाना त्याची एकूण करपूर्व कमाई ३० कोटी डॉलरांच्या वर गेली होती. १०२ व्या क्रमांकावर उचललेल्या खेळाडूची ही बेरीज आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पेनिक्सचा गुडघा जायबंदी झाला. बाकावरून उठून ३७ वर्षांचा कझिन्स पुन्हा चेंडू घ्यायला मैदानात उतरला.