पहिल्या वर्षाचा नापास शेरा

जून उजाडला, निकाल लागले, की खंडाळ्याच्या एसटी स्टँडवर ओळखीचे कोणीतरी हमखास विचारते, "काय, थोरली काय करते सध्या?" (हा खंडाळा लोणावळ्याशेजारचा नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, सातारा जिल्ह्यातला.) "कॉलेजला आहे," वडील म्हणतात आणि विषय बदलतात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती रसायनशास्त्रात नापास झाली आणि आता डेंटलसाठी पुन्हा 'नीट' देणार आहे, हे चारचौघांत सांगायचे नसते. घरात मात्र एकच धास्ती असते: हा नापास शेरा प्रवेशाच्या आड येईल का?

नियमाने पाहिले तर येत नाही. बीडीएसची गुणवत्ता यादी 'नीट'च्या गुणांवर लागते. 720 गुणांची परीक्षा, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला निदान 50 टक्के, राखीव प्रवर्गांना 40 टक्के लागतात. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गुण त्या यादीत कुठेच धरले जात नाहीत. परीक्षा किती वेळा द्यावी यालाही बंधन नाही, आणि वयाची कमाल मर्यादा 2022 मध्ये निघाली.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांचे तसे नाही. तिथे आधी कॉलेज, मग डेंटल. अर्जात प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक विषय मांडावा लागतो. नापास झालेला विषय पुन्हा देऊन उत्तम गुण मिळवले, तरी सरासरी काढताना जुना आकडाही धरला जातो. पुढची वर्षे चांगली गेली तर निवड करणारे ती चढती कमानही पाहतात, हे खरे. पण डाग पुसला जात नाही. आपल्याकडे 1990 च्या दशकात बारावीचे गुणच सर्वस्व होते. मार्च महिन्यात आठवडाभर ताप आला, की डॉक्टरकीचे दार बंद. त्या मानाने आजची पाटी बरीच कोरी आहे.

पाटी कोरी झाली तरी रसायनशास्त्र कच्चे ते कच्चेच राहते. 'नीट'मध्ये त्याचे 180 गुण आहेत. पुढे बीडीएसच्या पहिल्याच वर्षी शरीररचनेबरोबर शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र येऊन बसते. म्हणून आम्हाला शेऱ्यापेक्षा त्याभोवतीच्या लपवाछपवीची काळजी वाटते. गावातून वाईला, साताऱ्याला किंवा पुण्याला गेलेले मूल पहिल्या सहामाहीत गडबडते. कधी इंग्रजीतून शिकवलेले कळत नाही, कधी खोलीवर तिघे-चौघे असतात आणि अभ्यासाला जागा नसते. कधी तर मन सुरुवातीपासून डेंटललाच लागलेले असते आणि बी.एस्सी. नुसती नावाला घेतलेली असते. यातले नेमके काय झाले हे विचारायच्या आधीच घरातून "आमची मान खाली घातलीस" हे ऐकू येते. मग मूल गप्प होते, पुढची गुणपत्रिका दाखवत नाही. क्लासची फी भरली जाते, पण कुठल्या प्रकरणात अडते हे कोणी पाहत नाही, आणि वर्ष जाते. गुणपत्रिका समोर घेऊन आईवडिलांनी एक संध्याकाळ मुलाशेजारी बसावे. भौतिकशास्त्र कळत नसले तरी चालेल.

पैशाचेही त्याच बैठकीत बोलावे. सरकारी जागा थोड्या. कऱ्हाड, सांगली जवळ असली तरी तिथली महाविद्यालये खासगी किंवा अभिमत आहेत, त्यांची फी वेगळी. आणखी एक वर्ष झेपणार का, हे मुलाला आधीच कळलेले बरे.

राहिला कागदांचा प्रश्न. बारावीनंतरच्या वर्षांचा खुलासा प्रवेशाच्या वेळी मागतात; तो खरा द्यावा. बारावीचा मूळ दाखला बहुधा बी.एस्सी.च्या कॉलेजातच जमा असतो. मूळ कागदपत्रे संस्थांनी अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये बजावले आहे. तरी ती आताच सोडवून आणावीत. यादीत नाव लागल्यावर हाती मोजके दिवस असतात, आणि जुन्या कॉलेजातले कारकून नेमके त्याच आठवड्यात रजेवर जातात.