परसांतील पांखरें आणि लांबचें भिंग

गेल्या दोन महिन्यांत तिघां वाचकांनीं आम्हांस जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे. अंगणांतील जास्वंदीवर शिंजीर येतो, तगरीच्या आडून शिंपी पक्षी ओरडत असतो. पण छायाचित्र घ्यावें तर पक्ष्याच्या जागीं एक ठिपका उमटतो. मोठें भिंग घ्यावें तर त्याची किंमत घरच्या एखाद्या मंगलकार्याशीं स्पर्धा करणारी. तेव्हां घरांत आहे त्यावर भागवून पक्षी जवळ कसा आणावा?

प्रश्न गणिताचा आहे, आणि गणितापासून आरंभ केला म्हणजे पैसे वांचतात. भिंगाच्या नाभीय अंतरास पक्ष्याच्या लांबीनें गुणावें व पक्षी जितका दूर असेल त्या अंतरानें भागावें. येईल ती प्रतिमेची लांबी. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १० सेंटिमीटर. भिंग ३०० मिलिमीटरचें व पक्षी ६ मीटरवर असला, तर प्रतिमा ५ मिलिमीटर भरते. आणि पुष्कळशा कॅमेऱ्यांतील पटल असतें सुमारें २३ मिलिमीटर रुंद. म्हणजे चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पांचवा हिस्सा पक्ष्याच्या वांट्यास आला. ती प्रतिमा दुप्पट करण्यास वाटा दोनच. नाभीय अंतर दुप्पट करावें, नाहीं तर पक्ष्याचें अंतर निमें करावें. पहिली वाट बाजारांत विकत मिळते. दुसरी फुकट असल्यामुळें तिची जाहिरात कोणी करीत नाहीं.

पहिल्या वाटेवर प्रथम भेटतो तो टेलिकन्व्हर्टर. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानें १८३३ च्या सुमारास दुर्बिणीकरितां जें अंतर्गोल भिंग योजिलें, त्याच कुळांतला हा. कॅमेरा व भिंग यांच्यामध्यें तो बसवावयाचा. दुपटीचा कन्व्हर्टर प्रतिमा दुप्पट करितो खरा, परंतु तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. एफ ५.६ चें छिद्र एफ ११ होऊन बसतें, आणि सेकंदाच्या आठशाव्या भागांत मिळणाऱ्या चित्रास दोनशावा भाग लागतो. फुलापुढें पंख फडफडविणाऱ्या शिंजिराच्या लेखीं दोनशावा भाग म्हणजे युगच! शिवाय एवढ्या अंधारांत पुष्कळ कॅमेऱ्यांचें आपोआप नाभीकरणहि चांचपडूं लागतें. १.४ पटीचा कन्व्हर्टर निमाच प्रकाश खातो. घ्यावयाचाच असेल तर तो घ्यावा. पण त्याआधीं कातरून पहावें. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी निमी केली तरी ६ मेगापिक्सेल उरतात, आणि पोस्टकार्डाएवढ्या प्रतीस तेवढे भरपूर होतात.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे, त्यांनीं घरांतील दुर्बीण काढावी. दुर्बिणीमागें साधा कॅमेरा धरण्याची ही युक्ति १९९९ पासून मलेशियांतील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांच्यामुळें फार लोकप्रिय झाली. ८×४२ ची दुर्बीण मोबाइलच्या मुख्य भिंगास जोडली म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबानें सुमारें २०० मिलिमीटरचें भिंग हातीं येतें. जोडणी घरींच होते. नेत्रिकेवर घट्ट बसेल असें औषधाच्या डबीचें झांकण घ्यावें, मधोमध मोबाइलच्या भिंगाएवढें छिद्र पाडावें, आंतून काळा कागद चिकटवावा. नेत्रिका व मोबाइल यांतील अंतर किंचित् कमीजास्त करीत गेलें कीं भोंवतालचें काळें वर्तुळ मागें सरतें. तें जेथें सर्वांत रुंद उघडेल तेथेंच झांकण पक्कें करावें. दुर्बीण हातांत धरूं नये. खिडकीच्या कठड्यावर तांदुळाची पिशवी ठेवून तिच्यावर रोवावी. (तांदूळ पुन्हां डब्यांत जातात, ही गोष्ट गृहिणीस आधींच सांगावी.) बटनाला बोट लागलें तरी चित्र हलतें, यास्तव घडीचा उपयोग करावा. आणि सकाळीं सूर्याच्या दिशेला दुर्बीण चुकूनहि वळवूं नये. डोळा व मोबाइल दोन्हीहि जातील.

आतां दुसरी वाट, जी आम्हांस अधिक प्रिय आहे. रिचर्ड व चेरी या कीर्टन बंधूंनीं इंग्लंडांत १८९२ पासून पक्ष्यांचीं व घरट्यांचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला. पक्षी जवळ येऊं देईनात, तेव्हां १९०० मध्यें त्यांनीं बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल करविला व त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह शिरून पक्षी टिपले. आपल्याला बैलाची गरज नाहीं. स्वयंपाकघराची खिडकी पुरे. तिला जुनी चादर लावून भिंगापुरती फट ठेवावी. बाहेर ६ मीटरवर पाण्याचें उथळ पसरट भांडें ठेवून शेजारीं एक वाळकी फांदी रोवावी. पक्षी तीवर बसूं लागले म्हणजे रोज वीतभर ती खिडकीकडे सरकवावी. तीन मीटरवर आली, कीं दुपटीच्या कन्व्हर्टरचें सारें काम झालें. प्रकाश मात्र रतिभरहि गेला नाहीं. भिंग इतक्या जवळचें स्पष्ट दाखवीत नसल्यास त्याच्यामागें कांचविरहित पोकळ नळी बसवितात, ती स्वस्त असते. दुर्बीण घेतांनाहि ती जवळांत जवळ किती अंतरावर स्पष्ट दाखविते, हें पाहून घ्यावें.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनास पक्ष्याचें शिर तेवढें दिसलें, आणि तो उत्तीर्ण झाला. छायाचित्रकारानें मात्र पक्ष्यामागें वाळत घातलेलें धोतरहि पाहिलें पाहिजे.

जवळ जाण्याची ही मुभा फांदीपुरती आहे, घरट्यापुरती नव्हे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं शिंप्याचें घरटें नीट दिसावें म्हणून त्याच्या पुढचीं दोन पानें कापलीं. शिंपी पान शिवून घरटें करतो तें केवळ पाळण्यासाठीं नव्हे. तो पडदाहि असतो. चित्र उत्तम आलें. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत ऊन थेट पिल्लांवर होतें, आणि संध्याकाळच्या आंत कावळ्यानें घरटें रिकामें केलें. तें चित्र त्यांनीं चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावलें आहे. आम्ही त्यांच्याकडे गेलों म्हणजे पाठ तिकडे करून बसतों. वीण चालली असेल तेव्हां जें काय मिळेल तें लांबूनच, ठिपका तर ठिपका.

फांदीची तयारी थंडींत करावी हें बरें. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर आपला झगझगीत वेष उतरवितो. मादीसारखा पिवळसर होतो, मात्र गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा राहतो. पुढें एकेक जांभळें पीस परत येतांना तीन मीटरवरून स्पष्ट दिसतें. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर तारीख लिहून ठेवावी.