गिरणगावाचा विरह

गेल्या काही वर्षांत गिरणगावावरच्या कविता, कथा आणि छायाचित्रे वारंवार आमच्या समोर येत आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक चिमणी असते. बहुधा ती संध्याकाळच्या उजेडात, पाठीशी काचेचा मनोरा घेऊन उभी असते आणि तिच्या आसपास माणूस नसतो. कवितेत तिच्या जोडीला मुका झालेला भोंगा येतो, कथेत तुटलेले प्रेम. हे पाहून हळहळ वाटते, नाही असे नाही. पण ही हळहळ नेमकी कोणासाठी, असे विचारू गेलो की कोणाचे नाव पुढे येत नाही. आमच्यातल्याही काहींनी अशा कविता लिहिल्या आहेत, हे इथेच कबूल केलेले बरे.

प्रेम, वियोग आणि जागा हे तीन विषय आज निरनिराळे आणून एकत्र बसवले जातात. गिरणगावात ते मुळातच वेगळे नव्हते. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गडी एका खोलीत अनेकांबरोबर राही, पाळीप्रमाणे झोपे, खानावळीत जेवे, बायको गावी. संसार म्हणजे पत्र, मनिऑर्डर आणि गणपती-शिमग्याची रजा. स्वतः गिरणीत काम केलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. तिच्यातली मैना आधी गावी राहिलेली बायको आहे. मग पाहता पाहता तीच बेळगाव-कारवारचा तुटलेला मुलूख होते. हे रूपक वरून चिकटवावे लागलेले नाही. ज्याची बायको गावी आहे त्याला मुलूख तुटणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यानंतरचे घर कसे असते ते जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) दिसते. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये रमतो, एक गुन्हेगारीत ओढला जातो, आणि आई घर रेटत राहते. तिथे हानी चिमणीत नाही, ती एकाच खोलीत एकमेकांना बोचणाऱ्या माणसांच्या भांडणात आहे. ते नाटक आहे, कथा नव्हे, हे मान्य. पण त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहालाही (साहित्य अकादमी, २०१२) हीच नजर आहे. उलट आजच्या पुष्कळ कवितांत साचेखाते, जॉबर, बदली कामगार हे शब्दच हरवले आहेत. एकटा 'विस्थापन' हा शब्द सगळ्यांच्या वाटचे काम करतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो: ज्यांनी चालू गिरणी पाहिलीच नाही, त्यांनी काय करावे? आम्हांला वाटते, त्यांनी तेच लिहावे. चिमणी आपल्याला बाल्कनीतून दिसते, त्या बाल्कनीचे हप्ते अजून फिटायचे आहेत, आणि खाली फाटकावरच्या वॉचमनला आपण आडनावानेही ओळखत नाही. त्यात प्रेमकथेलाही जागा आहे, आणि ती फार सुखाची नसेल.

छायाचित्राचे थोडे निराळे आहे. रोलां बार्थ यांनी 'कॅमेरा ल्युसिडा'त (१९८०) आपल्या दिवंगत आईच्या बालपणीच्या एका छायाचित्रावर पानेच्या पाने लिहिली, पण ते छापले नाही. परक्याला ते कोणाही मुलीचे चित्र वाटेल, असे त्यांचे म्हणणे. चिमणीच्या छायाचित्राला ही अडचणच नाही. ते कोणालाही चालते, म्हणून उपाहारगृहाच्या भिंतीवरही शोभते.

आमच्यापैकी एकाच्या घरी आजोबांचे स्टुडिओत काढलेले छायाचित्र आहे. मागे रंगवलेला पडदा: कमान, कारंजे, दोन राजहंस. आजोबा खुर्चीत ताठ बसले आहेत, अंगात कोणाचा तरी उसना कोट. ते गावी आजीसाठी धाडले होते. मागच्या बाजूला पेन्सिलीने खोलीचा नंबर आणि पाळीची वेळ लिहिली आहे, म्हणजे उत्तर घेऊन येणाऱ्या गाववाल्याने कधी यावे ते कळावे. गिरणी त्यात कुठेच नाही.