विसरण्याचे खापर हार्मोनवर

बाई विसरू लागली की तिचे हार्मोन बिघडले, बाप्या विसरला की डोक्याला कामाचा व्याप! हा पंक्तिप्रपंच जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला चालतो तसा पुण्यालाही चालतो. हल्ली त्याला विज्ञानाचा टिळा लावतात, एवढेच. प्रत्यक्षात शब्द आणि प्रसंग लक्षात ठेवण्यात बायका सरासरीने पुरुषांपेक्षा किंचित सरस ठरतात. भारतात उतारवयात चित्र उलटते. केरळ, कर्नाटक, पंजाब, राजस्थानात 2010 मध्ये झालेल्या ‘लासी’ या वृद्धत्वाच्या अभ्यासाच्या प्राथमिक पाहणीत बायका स्मृती-बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडल्या. शिक्षण, आरोग्य, घराबाहेरचा वावर हिशोबात धरल्यावर दक्षिणेतली तफावत मिटत आली, उत्तरेतली उरली. विंध्य ओलांडला म्हणून काही कुणाचे इस्ट्रोजेन हे हार्मोन बदलत नाही. कोणी म्हणेल, स्मरणाचा आणि शाळेचा संबंधच काय? जात्यावर ओव्यांमागून ओव्या म्हणणाऱ्या आज्या कुठे शाळेत गेल्या होत्या? आक्षेप वजनदार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्या अशाच बायकांच्या तोंडून. पण ओवीला चाल असते, तिच्यात भाऊ असतो, माहेर असते. चाचणीत परका माणूस दहा सुटे शब्द वाचतो, मध्येच भलतेच काही विचारतो आणि मग ‘आता सांगा’ म्हणतो. असले बिनसंदर्भाचे घोकण्याची सवय शाळाच लावते.

मग हार्मोनचा काहीच वाटा नाही? आहे, पण तो जिथे खरा आहे तिथे सगळे गप्प. मॉन्ट्रियलच्या संशोधक बार्बरा शर्विन यांनी 1992 मध्ये दाखवले, की गर्भाशयासोबत अंडाशयही काढलेल्या ज्या बायकांना इस्ट्रोजेन मिळाले त्यांची शाब्दिक स्मृती टिकली. न मिळालेल्यांची काहीशी घसरली. पाळी आपसूक जाताना शरीराला सावरायला वर्षे मिळतात, शस्त्रक्रियेत अंडाशय गेले की इस्ट्रोजेनचा पुरवठा एका दिवसात तुटतो. जालन्याशेजारच्या बीडमध्ये 2019 च्या सरकारी समितीला सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली, अनेकींची चाळिशीच्या आत. म्हणून सरसकट गोळ्या वाटाव्यात, असेही नव्हे: 2003 मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी चाचणीत पासष्टीपुढे संयुक्त हार्मोन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट निघाला. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात विसरण्याची तक्रार घेऊन बाई आली, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी तिचे जुने डिस्चार्ज कार्ड मागावे आणि पिशवीबरोबर अंडाशयही गेले का, ते पाहावे. राहिले असतील, तर रक्तक्षय, थायरॉइड आणि झोप यांची चौकशी करावी.