जायबंदी सैनिकाचा हक्क

भूम, परंडा, उमरगा या तालुक्यांतील कोरडवाहू गावांतून जो तरुण सैन्यात जातो, तो धडधाकट असल्याची ग्वाही भरतीच्या वेळी सरकारचेच डॉक्टर देतात. तोच मनुष्य पंधरावीस वर्षांनी मणक्यातील गादी सरकलेली आणि पायाची नस दबलेली अशा अवस्थेत घरी येतो. त्याला पोते उचलवत नाही, फार वेळ उभे राहवत नाही. पुढे पत्र येते की, हा विकार शरीराच्या मूळ घडणीतील असून सेवेशी त्याचा संबंध नाही, सबब अपंगत्व निवृत्तिवेतन नामंजूर. घरची मंडळी ते पत्र ट्रंकेत ठेवून स्वस्थ बसतात. हे स्वस्थ बसणे घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1961 च्या लष्करी निवृत्तिवेतन विनियमांत दोन अटी आहेत. अपंगत्व 20 टक्के वा अधिक असावे, आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे. 1982 च्या नियमांनी पुराव्याचा भार सैनिकावर टाकलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात 2 जुलै 2013 रोजी सांगितले की, भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच जडला असे मानावे, आणि वैद्यकीय मंडळाचे मत निराळे असल्यास त्याने कारणे लिहावीत. तो खटला अपस्माराचा होता. पण तत्त्व मणक्याच्या विकारासही लागू पडते. अर्थात हे गृहीतक अढळ नव्हे. मंडळाने सबळ कारण दिले असेल तर त्याचे खंडन कागदपत्रांनीच करावे लागते.

टक्केवारीचेही तसेच. राम अवतार खटल्यातील 10 डिसेंबर 2014 च्या निकालाने, सेवाकाल पुरा करून निवृत्त झालेल्यांसही 20 टक्क्यांचे अपंगत्व 50 टक्के धरण्याचा लाभ मिळाला. पूर्ण अपंगत्वास वेतनाच्या 30 टक्के हा हिशेब धरला, तर 6 टक्क्यांच्या जागी 15 टक्के पदरी पडतात. मूळ टक्केवारीच कमी लावली असेल तर फेरतपासणी मागावी; न्यायाधीश स्वतः कंबर तपासीत नसतो. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम अमलात आले आहेत. त्यानंतर सेवा सोडणारांनी आपले प्रकरण त्या नियमांप्रमाणे पडताळून घ्यावे.

प्रथम वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची नक्कल मिळवावी. ती न दिल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेख कार्यालयाकडे मागावी. नकारानंतर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे, आणि तेथेही न्याय न मिळाल्यास अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे. जुनी प्रकरणेही मेलेली नसतात. 1983 साली सेवेतून कमी झालेले तरसेम सिंग 1999 मध्ये न्यायालयात गेले. 2008 साली त्यांचा हक्क टिकला, मात्र थकबाकी सुमारे तीन वर्षांचीच मिळाली. विलंबाची किंमत ही अशी असते.

वकिलाच्या फीची धास्ती नको. 1990 पासून बौद्ध बांधवांसही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला असल्यास, 1987 च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सैनिकांच्या पत्नींनी हे विशेष ध्यानी ठेवावे; स्त्रियांसही हा हक्क स्वतंत्रपणे आहे.

निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली, बंद झालेली महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरसेनापतींकडे अर्ज धाडला, तेव्हा कायदा त्यांच्या बाजूस नव्हता. आज तो आपल्या बाजूस आहे. तेव्हा ट्रंकेतील ते पत्र बाहेर काढा, त्यावरील तारीख पाहा आणि अपील लिहावयास बसा.