काढ्यालाही कसोटी हवी

‘शुगर मुळापासून घालवा, गोळ्या कायमच्या बंद करा!’ एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाईलपर्यंत ही जाहिरात पोचली आहे. डबीत कारले, जांभळाची बी, मेथी, गुडमार यांची पूड असते आणि तिच्या बाजूने तीन मुद्दे हमखास मांडले जातात.

पहिला मुद्दा परंपरेचा. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांचे, बारकाईने वर्णन केले, हे खरेच. पण त्यांनी आहार-विहार सांगितला, रोग्याची प्रकृती पाहून चिकित्सा सांगितली. सरसकट सर्वांना एकच चमचा देणारी डबी त्यांची वारस कशी ठरते?

दुसरा मुद्दा, ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ ही पूड खरोखर साखर उतरवत असेल, तर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या मधुमेहाच्या गोळीच्या जोडीने ती प्रमाणाबाहेरही उतरवू शकते. मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपते. शिवाय काही ‘हर्बल’ औषधांत ग्लिबेनक्लामाईडसारखी ॲलोपॅथीची औषधे गुपचूप मिसळलेली सापडली आहेत.

तिसरा मुद्दा, ‘शेजाऱ्यांना गुण आला.’ पण डबी आणणारा माणूस बहुधा त्याच सुमारास गोड सोडतो, चालायला लागतो. मग श्रेय पुडीला कसे द्यायचे?

याचा अर्थ झाडपाला फोल, असा मुळीच नाही. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती पूर्वापार औषधात होती. तिच्यातले गॅलेगिन साखर उतरवी, पण ते विषारी निघाले. त्याच जातकुळीतले मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ साली फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. आज जगभर मधुमेह्यांना तीच गोळी दिली जाते. आपल्या मेथीतला विद्राव्य तंतू साखरेचे शोषण मंदावतो. गुडमारचे पान चावून साखर तोंडात टाकली, तर ती वाळूसारखी बेचव लागते. वनस्पतीत गुण आहेत. पण जिभेवरची गोडी गेली म्हणजे रक्तातली साखर उतरली असे होत नाही. किती मात्रा, कोणाला, किती दिवस, हे चाचण्यांनीच ठरते.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तो कायदा कडक राबवला पाहिजे. आणि वाचकहो, मेथी-कारले जेवणात जरूर खा. पूड घ्यायचीच असेल, तर डबी आधी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी चाचणी करत राहा. चालू गोळी, आणि विशेषतः लहान मुलाचे इन्सुलिन, मनाने कधीही थांबवू नका. ते जिवावर बेतते.